पहिला टाळ घेताय? आधी खिशात चुंबक टाका

आमच्या घरात आजवर टाळांच्या तीन जोड्या आल्या. पहिली सध्या बाल्कनीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराशी असते. दुसरीतला एक टाळ फुटला, उरलेला एकटाच खिळ्याला टांगलाय. वाजते ती तिसरी. शहाणं व्हायला आम्हाला दोन जोड्या खर्ची घालाव्या लागल्या. तुमचं काम पहिल्याच जोडीत व्हावं म्हणून हे लिहिते आहे.

निमित्त सासूबाईंचं. त्या सिन्नरकडच्या गावाहून आमच्याकडे नाशकात इंदिरानगरला राहायला आल्या आणि त्यांचा टाळ गावातल्या भजनी मंडळाच्या पेटीत राहिला. "एक जोडी आण गं, हात आखडलेत माझे," असं त्या दोनदा म्हणाल्या. मी एका देवळाबाहेरच्या टपरीवरून सोन्यासारखी झळकणारी जोडी घेऊन आले. त्यांनी ती एकदा वाजवली, खाली ठेवली आणि म्हणाल्या, "झाकण चांगलंय. पातेलं कुठंय?"

तिथून आमचं शिक्षण सुरू झालं. टाळ, झांज, मंजिरी, घुंगरू ही वाद्यं इतकी साधी दिसतात की त्यात निवडायचं काय, असं वाटतं. निवडायचं बरंच असतं. मुरलेल्या टाळकऱ्यांना यातलं सगळं ठाऊक असेल. ज्यांच्या घरात अजून एकही जोडी नाही, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा.

१. वाजवणार कोण, ते आधी ठरवा

"घरात सगळ्यांसाठी" म्हणून वाद्य घेतलं की ते कोणाच्याच हाताला बसत नाही. सासूबाईंना चालणारा टाळ माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला पाच मिनिटांत जड होतो. आणि मुलीची मंजिरी सासूबाई हातात घेतात तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

साधारण असं धरा. तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर सुटी घुंगरं आणूच नका. गिळायला वेळ लागत नाही. चार ते सहा वर्षांच्या मुलाला जाड कापडी पट्टीवर पक्की शिवलेली पाच-सात घुंगरं पुरतात. सात-आठच्या पुढे मंजिरी. दहा-अकराच्या पुढे हलका टाळ. मोठ्या माणसाचं मनगट धड असेल तर नेहमीचा वारकरी टाळ, आणि मनगट किंवा खांदा दुखत असेल तर त्याहून हलका. आमची आत्ताची जोडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३२० ग्रॅम भरते. सासूबाईंना ती तासभर चालते, मला पंधरा मिनिटं.

सुरुवातीला एकच जोडी घ्या. मुलं भांडतील, भांडू द्या. पाळी लावली की ऐकणाराही तयार होतो, आणि ऐकल्याशिवाय टाळ येत नाही.

२. दुकानात मागायचं काय

नावांचा घोळ बराच आहे. एकाच वस्तूला दोन दुकानांत दोन नावं ऐकली आहेत, म्हणून नावासोबत आकार सांगत जा.

टाळ म्हणजे तळहातात मावणारी, जाड, खोलगट वाटीसारखी जोडी. मधल्या भोकातून ओवलेल्या दोरीनं जोडलेली. भजन, कीर्तन, वारी यांचं हे वाद्य. मंजिरी त्याचीच धाकटी बहीण, लहान आणि बारीक आवाजाची. झांज मात्र पसरट, पातळ आणि मोठी असते. आरतीत आणि ढोल-ताशात ऐकतो ती. नाशिक ढोलाच्या शहरात राहणाऱ्यांना झांजेचा आवाज वेगळा सांगायला नको. पण घरात शिकायला झांज घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पातळ पत्र्यातून भरपूर आवाज निघतो, त्यात चूक आणि बरोबर दोन्ही सारखीच ऐकू येते, आणि शेजारी तिसऱ्या दिवशी दार वाजवतात.

चिपळ्या लाकडाच्या, त्यात पितळेच्या चकत्या किंवा घुंगरं. एकाच हातात दोन्ही धरून वाजवायच्या असतात. कीर्तनकाराच्या हातात फार सोप्या दिसतात. तशा त्या नाहीत, दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. लेझीम शाळेत लागते. दांड्याला साखळी आणि साखळीत लोखंडी चकत्या. ती घेताना फक्त दांडा गुळगुळीत आहे का आणि साखळीची टोकं नीट वळवलेली आहेत का, एवढं बघा. बाकी तिचं शिक्षण मैदानावर होतं.

घुंगरू ओतीव पितळेचं असावं, आत लोखंडाची गोळी. पत्र्याचं दाबून केलेलं घुंगरूही मिळतं. ते खुळखुळ्यासारखं वाजतं आणि चिरेतून हळूहळू उघडतं. जेगट, म्हणजे आरतीला मोगरीनं ठोकतात ती सपाट जाड थाळी, फ्लॅटमध्ये आणण्याचा विचारही करू नका.

पुढचं सगळं मुख्यतः टाळाबद्दल आहे. मंजिरीला तेच नियम लागू पडतात.

३. कासं आणि पितळ : कान घरीच तयार करा

तांबं आणि जस्त मिळून पितळ होतं. तांबं आणि कथील मिळून कासं. घंटेच्या जातीच्या काशात साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील असतं. कथील एवढं पडलं की धातू कडक होतो, ठोका दिला की बराच वेळ घुमत राहतो, आणि त्याच कडकपणामुळे फरशीवर पडला की तडकतो. पितळ मऊ. ते पडलं तर पोचा येईल, पण सहसा फुटत नाही, आणि त्याचा नाद लवकर विरतो. किमतीतला फरकही इथूनच येतो. कथील तांब्याहून महाग, जस्त तांब्याहून पुष्कळ स्वस्त. कोणी पितळेच्या भावात "अस्सल कासं" देत असेल तर हसून पुढच्या दुकानात जा.

हे वाचून कळत नाही, ऐकून कळतं. बहुतेक घरांत तळपायाला तेल चोळायची काशाची वाटी असते. ती पाच बोटांच्या टोकांवर तोला, कडेला कुठे स्पर्श होऊ देऊ नका, आणि पेन्सिलीनं काठावर हलकेच टिचकी मारा. मनात आकडे मोजत आवाज संपेपर्यंत ऐका. मग पितळेचा तांब्या किंवा वाटी तशीच वाजवा. शेवटी स्टीलची. मुलांना डोळे मिटायला सांगून "ओळखा कोणती" खेळा. आमच्याकडे दोन संध्याकाळी हा खेळ झाला आणि तिसऱ्या दिवशी पाच वर्षांचा मुलगा जेवणाच्या ताटावर निकाल देऊ लागला, "हे पितळ नाही."

नवशिक्याला कासंच हवं असं नाही. मूल सात वर्षांचं असेल, घरात सगळीकडे फरशी असेल, तर पितळेची मंजिरी घ्या. आमचा दुसऱ्या जोडीतला टाळ असाच गेला. कासं उत्तम होतं, मुलाच्या हातून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पडला, आणि केसाएवढी चीर गेली. दिसायला काहीच नाही, आवाज मात्र मडक्यासारखा. अशी चीर डाग देऊन किंवा झाळून सुधारत नाही. डाग बसतो, नाद परत येत नाही. तो शेवटी मोडीत घातला.

४. जाताना पिशवीत काय न्यायचं

एक छोटं चुंबक (फ्रिजवरचं चालतं), एक लाकडी पेन्सिल, रेकॉर्डिंग करता येणारा फोन, दोन जाड फडकी आणि ज्याच्यासाठी घेताय ते माणूस. शेवटची वस्तू विसरलात तर घरीच थांबा. फोनमध्ये सूर दाखवणारं ट्यूनरचं ॲप असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही. कागदपत्रं कसलीच लागत नाहीत. जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत द्यायची असतील तर घरी वजन करून आकडा लिहून न्या.

५. कुठे आणि केव्हा

जुन्या नाशकात सराफ बाजाराला लागून भांडी बाजार आहे. तांब्या-पितळेची दुकानं तिथेच एकवटलेली. तांबट आळीही जुन्या गावातलीच. पूर्वीच्या वाटणीत तांबट ठोकून भांडी घडवायचे आणि ओतारी धातू ओतून वस्तू करायचे. टाळ ही ओतीव वस्तू, त्यामुळे तांबटाच्या दुकानात टाळ असला तरी तो त्यानं घडवलेला असेल असं समजू नका. "हा माल कुठून येतो?" हे सरळ विचारावं. चांगला दुकानदार सांगतो.

गाडी आत नेऊ नका. गल्ल्या अरुंद आहेत, मागे वळवायलाही जागा नसते. रविवार कारंजाकडून पायी जा. सकाळी अकराच्या सुमारास दुकानं नुकती उघडलेली असतात, गिऱ्हाईक कमी असतं आणि शांतता असते. टाळ घ्यायला शांतता लागते. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, धनत्रयोदशीला, लग्नसराईच्या ऐन गर्दीत जाऊ नका. तुम्ही टाळ वाजवणार आणि शेजारी कोणीतरी पातेल्यांची उतरंड उतरवून घेत असणार.

पंचवटीत देवळांच्या आसपास आणि त्र्यंबकेश्वरलाही टाळ मिळतात. तिथे यात्रेकरूंसाठी ठेवलेला शोभेचा माल आणि वाजवण्याचा माल शेजारी-शेजारी असतो. वाईट मिळतं असं म्हणत नाही, फक्त तपासणी जास्त लागते. पंढरपूर-आळंदीला कोणी जाणार असेल तर त्यांना सांगता येतं, पण पहिली जोडी दुसऱ्याच्या कानानं मागवू नका.

६. दुकानातली वीस मिनिटं

घाई इथेच नडते, म्हणून क्रमानं.

आधी चुंबक. पितळ किंवा कासं चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आणि वरून पिवळा मुलामा. पितळ उघडं पडणं हा वाक्प्रचार आपण ऐकतो, आमच्या पहिल्या जोडीचं तर लोखंड उघडं पडलं. घरी आणल्यावर, अर्थात. दुकानातच बघितलं असतं तर दाराला दुसरं काहीतरी लावलं असतं.

मग एकेक टाळ वेगळा वाजवा. जोडी एकदम वाजवून दाखवतात तेव्हा एकाचा दोष दुसऱ्याच्या आवाजात लपतो. टाळ दोरीनं लोंबता धरा आणि पेन्सिलीनं कडेवर टिचकी मारा. दोरीनंच का धरायचा? टाळ कडेकडेनं थरथरतो, मध्यभाग जवळपास स्थिर असतो; म्हणून भोक मध्यावर असतं आणि म्हणून कडेला बोट लागलं की आवाज मरतो. टिचकीनंतर मनात मोजा. नाद एकसारखा विरत गेला पाहिजे. मध्येच खरखर, झिणझिण किंवा "टक्" असा बसका आवाज आला तर चीर किंवा पोकळी आहे. टाळ थोडा फिरवून कडेवर चार ठिकाणी टिचकी मारा. मी फक्त एका जागी मारायचे, तेव्हा एका दुकानातले काका म्हणाले, "ताई, कलिंगड तरी चार बाजूंनी ठोकून घेता की."

आता नजर. उजेडात नेऊन आतली बाजू बघा. ओतताना हवा राहिली की बारीक छिद्रं पडतात. एखाद-दुसरं टाचणीच्या टोकाएवढं छिद्र चालतं. पुंजका असेल, किंवा छिद्र कशानं तरी बुजवून वरून पॉलिश मारलेलं दिसत असेल, तर ठेवून द्या. मधल्या भोकाची कड बोटानं चाचपा. धारदार असेल तर ती महिन्याभरात दोरी कापेल. दुकानातच कानस फिरवून मागा, दोन मिनिटांचं काम आहे.

सगळ्यात शेवटी जोडी. दोन टाळांचे सूर तंतोतंत एक नसतात, आणि नसले तरी बिघडत नाही. पण अंतर किती, ते ऐका. दोन्ही एकदम वाजवल्यावर आवाज "वाँव-वाँव" असा हेलकावत असेल तर सूर जवळ आहेत पण एक नाहीत. एक टाळ सेकंदाला १००० वेळा आणि दुसरा १००५ वेळा कंप पावत असेल तर सेकंदाला पाच हेलकावे येतात. संथ हेलकावा गोड लागतो. फार भरभर असेल तर आवाज करकरीत होतो, आणि अंतर त्याहून वाढलं की दोन वेगळी भांडी वाजल्यासारखं वाटतं. ट्यूनर ॲप असेल तर दोन्हींचे आकडे लिहून घ्या. नसेल तर रेकॉर्ड करून दुकानाबाहेर दहा पावलांवर जाऊन ऐका.

इथे एक गोष्ट निःसंकोच करा : पेटीतल्या आठ-दहा टाळांतून तुमची जोडी तुम्हीच लावा. बांधून ठेवलेलीच जोडी घेतली पाहिजे असा नियम नाही. आमची तिसरी जोडी दोन वेगवेगळ्या जोड्यांतून जमवलेली आहे. दुकानदार कुरकुरला, मग स्वतःच हौसेनं शोधायला लागला.

भाव विचारताना नगावर आहे की किलोवर, ते आधी विचारा, आणि काट्यावर तुमच्यासमोर वजन करून घ्या. बिलावर धातूचं नाव लिहून मागा. "पितळ" किंवा "कासं" हा एक शब्द लिहायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून टाळ घेऊ नका.

७. दोरी : अर्धं वाद्य तिथेच आहे

नव्या जोडीला बहुधा चकचकीत नायलॉनची दोरी असते. घरी आल्यावर पहिलं काम, ती काढून टाका. नायलॉन घामट हातात घसरतं आणि त्याची गाठ सुटते. माझी सुटली ती भर आरतीत. टाळ समईच्या दिशेनं गेला आणि थोडक्यात वाचलो.

सुती दोरी घ्या, करंगळीच्या निम्म्यानं जाड. लांबी अशी की दोन्ही टाळ गळ्यात अडकवले तर पोटाच्या वरच राहतील. वारकऱ्यांच्या गळ्यात टाळ दिसतात ते उगीच नाहीत. मध्येच हात मोकळे लागतात, टाळ खाली ठेवायचा नसतो. दोरी टाळाच्या बाहेरच्या बाजूनं भोकातून आत घ्या, आतल्या बाजूला जाड कापडाची किंवा चामड्याची रुपयाएवढी चकती ओवा आणि मग दुहेरी गाठ मारा. चकतीमुळे गाठ भोकातून निसटत नाही आणि दोरीवर कड घासत नाही. गाठीचं टोक बोटभर सोडा, काटून टाकू नका. नव्या सुती दोरीची गाठ पहिल्या आठवड्यात एकदा पुन्हा आवळावी लागते.

लहान मुलांसाठी गळ्यातला फास नको. त्यांना दोन्ही टाळांना वेगवेगळी छोटी दोरी बांधून द्या, मनगटात नाही, फक्त बोटांत अडकेल अशी.

८. पहिले पंधरा दिवस

मराठीत "टाळ कुटत बसणे" असं हिणवून म्हणतात. पहिल्या दिवशी तुम्ही तेच करणार आहात, वाईट वाटून घेऊ नका.

डावा टाळ तोंड वर करून, उजवा तोंड खाली. दोरी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधून, टाळाची पाठ तळव्याच्या जवळ, पण तळवा टाळाला चिकटलेला नको. आता उजवा टाळ डाव्यावर झाकणासारखा नेमका बसवलात तर आत हवा कोंडते आणि "धप्" होतं. अर्ध्या बोटाएवढा बाजूला सरकवून, कडेला कड लागेल असा ठोका द्या आणि लगेच दूर घ्या. "छन्" आलं की हात बरोबर पडला. जोर लागत नाही. माझ्या मुलीला मी सांगितलं, गरम तव्याला बोट लावून काढतेस तसं. सासूबाईंना ही उपमा अजिबात आवडली नाही. त्यांच्या मते, झोपलेल्या बाळाच्या अंगावरची माशी हाकलावी तसं. दोन्हींतलं तुम्हाला पटेल ते घ्या.

पहिले तीन दिवस फक्त हा एक उघडा ठोका. पुढचे दोन दिवस बंद ठोका : मारायचा आणि तिथेच दाबून ठेवायचा, "छप्". बंद ठोका बहुतेक जण शिकतच नाहीत, आणि मग भजन संपलं तरी त्यांचा टाळ वाजत राहतो. दिंडी अगदी जवळून ऐकली तर कळतं की तिथे टाळांच्या वाजण्याइतकंच त्यांचं एकदम थांबणं अंगावर येतं.

सहाव्या दिवसापासून मोजणी. "ज्ञान-बा-तुका-राम" म्हणा आणि चारही जागांवर एकेक ठोका. चालत चालत करा. डावं पाऊल "ज्ञान", उजवं "बा". खोलीभर फेऱ्या मारा. पाय चुकत नाहीत, त्यामुळे हात पायाला धरून राहतो. हे बसलं की तीन ठोके आणि चौथ्याला विसावा. विसाव्याच्या जागी थांबता येईपर्यंत पुढे जाऊ नका. लय वाढण्याचा रोग प्रत्येकाला होतो; रेकॉर्ड करून सुरुवात आणि शेवट एकापाठोपाठ ऐकलं की लाज वाटते आणि सुधारणा होते.

मग कुठल्याही ओळखीच्या अभंगाबरोबर वाजवा. आठ मात्रांचा ठेका असेल तर आधी फक्त १, ३, ५, ७ वर. सगळ्या आठ भरायचा मोह दुसऱ्या आठवड्यापर्यंत टाळा. दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. मनगट दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबा, दुसऱ्या दिवशी हलक्या हातानं.

टाळ कानाजवळ नेऊन वाजवायला मुलांना फार आवडतं. ते मात्र कडक शब्दांत बंद करा. छातीच्या खाली, अंगापासून हातभर पुढे, एवढं अंतर पाळायला लावा.

९. शेजारी

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. आकडे तोंडपाठ करू नका, वेळ पाळा. आम्ही संध्याकाळी सात ते साडेसात बसतो, खिडक्या लावून, सतरंजीवर, जाड पडद्यापाशी. बाथरूममध्ये किंवा रिकाम्या खोलीत वाजवलं तर आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. सुरुवातीच्या दिवसांत एका टाळाच्या आतल्या बाजूला रुमाल चिकटपट्टीनं लावून हाताची सवय करता येते. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना पहिल्याच दिवशी सांगून आले होते. त्यांनी तक्रार केली नाही. आठव्या दिवशी निरोप धाडला की मुलीची लय वाढते.

१०. निगा

वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानं पुसा, घाम राहू देऊ नका. दोन्ही टाळांमध्ये फडकं ठेवून पिशवीत भरा, एकमेकांवर आपटत नेऊ नका. महिन्यातून एकदा चिंचेच्या कोळानं किंवा लिंबानं हलकेच, मग स्वच्छ धुऊन लगेच कोरडे करा. दोरी आधी काढा, नाहीतर ओली दोरी भोकाशी हिरवा गंज आणते. वाळू, विटकर, तारेची घासणी वर्ज्य. कल्हई तर नकोच. कल्हई खाण्याच्या भांड्यांना असते, आणि एका नातेवाइकांनी टाळांना करून आणलेली मी प्रत्यक्ष पाहिली आहे. काही पितळांत शिसंही मिसळलेलं असतं, म्हणून लहान मुलांना टाळ तोंडात घालू देऊ नका आणि वाजवल्यावर हात धुवायला लावा.

टाळ काळपट पडला म्हणून आवाज बिघडत नाही. खात्री हवी असेल तर पंचवटीत नदीकाठी नारोशंकराच्या देवळासमोर उभे राहा. देऊळ १७४७ चं, पण वरची घंटा त्याहून जुनी, १७२१ साल कोरलेली पोर्तुगीज घंटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयात मिळालेली. एवढ्या पावसाळ्यांत तिला कोणी चिंच लावत बसलं नसेल. आमच्याकडे मोठ्यानं बोलणाऱ्याला सासूबाई अजूनही "नारोशंकराची घंटा" म्हणतात. सध्या तो मान माझ्या मुलाकडे आहे.

११. घराबाहेर कान कुठे न्यायचा

हात थोडा बसला की जवळच्या भजनी मंडळात जाऊन मागच्या रांगेत बसा. प्रवेश अर्ज नसतो, फी नसते. पहिले दोन दिवस टाळ पिशवीतून काढू नका, फक्त ऐका. तिसऱ्या दिवशी कोणीतरी स्वतःच "वाजवा की" म्हणतं. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा असते, तेव्हा नाशकातून दिंड्या जाताना दिसतात. ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून नाशिक, सिन्नर मार्गे पंढरपूरला निघते. मुलांना रस्त्याच्या कडेला उभं करा आणि टाळकऱ्यांचे हात बघायला सांगा. मृदंगाकडे लक्ष जाणारच, तरी हात बघायला सांगा.

आणि जमलं तर सुरगाणा-पेठ भागातलं थाळगान ऐका. कोकणा समाजात कथा सांगताना काशाच्या थाळीच्या मध्यावर मेणानं एक काडी उभी चिकटवतात आणि तिच्यावरून बोटं ओढत राहतात. काडीचं थरथरणं थाळीत उतरतं आणि एक अखंड गुंजन सुरू होतं, त्यावर कथा चालते. कणसरी या धान्यदेवतेचीही. ठोका कुठेच नाही. टाळ शिकणाऱ्याला हे ऐकून चमत्कारिक वाटतं.

आम्ही घरी करून पाहिलं. काशाची ताटली पालथी, मधोमध मेणाचा गोळा, ज्वारीच्या धाटाची वीतभर गुळगुळीत काडी, बोटं किंचित ओली. पहिले दोन दिवस नुसती किरकिर. तिसऱ्या दिवशी मुलीनं बोटांचा दाब कमी केला आणि ताटली क्षणभर गुणगुणली. मेण मात्र थंडीच्या दिवसांत टिकतं. एप्रिलमध्ये नाशकाच्या उन्हात काडी पाच मिनिटांत आडवी होते.